व्हेक्टर खेळांचा प्रोग्रॅम वाचवला, चित्र अजून वाचवायचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या आर्केड खेळांविषयी, म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवरच्या व्हिडिओ गेमविषयी, जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा एक विधान हमखास वाचायला मिळते. इम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या संगणक प्रोग्रॅममुळे, हे सगळे खेळ आता सुरक्षित झाले आहेत आणि कोणालाही ते आपल्या संगणकावर जसेच्या तसे खेळता येतात, असे ते विधान असते. बहुसंख्य खेळांच्या बाबतीत ते मान्य करायला माझी हरकत नाही. परंतु साधारण १९७७ ते १९८५ या काळात अमेरिकेत निघालेल्या व्हेक्टर पद्धतीच्या, म्हणजे पडद्यावर थेट रेघा काढणाऱ्या, खेळांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यावर विसंबून राहिल्यामुळे उरलेला अर्धा भाग जपण्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हा मुद्दा सविस्तर मांडता यावा म्हणून एका दुर्मीळ खेळाचे उदाहरण घेऊन हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण विषय तांत्रिक असल्याने तो घाईत उरकणे मला योग्य वाटत नाही.

तो खेळ म्हणजे ‘ॲझ्टरॅक’. फ्लोरिडातील हायलीया येथील सेंच्युरी या कंपनीने तो १९८३ मध्ये बाजारात आणला. सेंच्युरीचे नाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते बहुधा ‘टाइम पायलट’ किंवा ‘गायरस’ अशा, जपानी कंपन्यांकडून परवाना घेऊन अमेरिकेत विकलेल्या खेळांमुळे ठाऊक असते. ॲझ्टरॅक मात्र परवान्यावर आणलेला खेळ नव्हता. त्याची रचना टिम स्ट्रायकर यांची होती. रणगाड्यासारखे अवकाशयान, त्यावर स्वतंत्रपणे फिरणारी तोफ, चहूबाजूंनी चालून येणारे शत्रू आणि त्यांच्यापासून राखायची अवकाशातील ठाणी, एवढाच त्याचा पसारा. खेळ चांगला होता, पण वेळ वाईट होती. अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा त्याच वर्षी कोसळू लागला होता, रंगीत व्हेक्टर यंत्रे महाग आणि नाजूक होती, आणि ॲझ्टरॅकची फारच थोडी यंत्रे तयार झाली. स्ट्रायकर यांचे १९९६ मध्ये निधन झाले. त्यामुळे एखादी रेघ इतकी ठळक का ठेवली किंवा एखादा रंग असा का निवडला, हे आज त्यांना विचारता येत नाही. जे काही उत्तर आहे ते शिल्लक राहिलेल्या यंत्रांतच आहे.

आता व्हेक्टर म्हणजे नेमके काय, हे सांगणे भाग आहे, कारण सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे. दूरचित्रवाणीच्या जुन्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ठरलेल्या वाटेने फिरत असतो. चित्र कोणतेही असो, वाट बदलत नाही. त्या पद्धतीला रॅस्टर म्हणतात, आणि ‘पॅक-मॅन’सह बहुतेक सगळे प्रसिद्ध खेळ याच पद्धतीचे आहेत. व्हेक्टर पडद्यावर झोताला अशी ठरलेली वाट नसते. ज्यांनी प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपच्या दोन्ही अक्षांना वेगवेगळे संकेत देऊन पडद्यावर वर्तुळ उमटवले आहे, त्यांना हे लगेच कळेल. यंत्र झोताला एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे थेट नेते, जिथे रेघ हवी तिथे तो चालू ठेवते आणि जिथे नको तिथे बंद करते. त्यामुळे रेघ तिरकी असली तरी तिला पायऱ्या पडत नाहीत. पडद्यावर चित्रबिंदूंची जाळी नाही, स्मृतीत साठवलेले संपूर्ण चित्र नाही. आहे ती फक्त रेघांची यादी, आणि ती यादी पुन्हा पुन्हा गिरवणारा झोत.

या रचनेतून प्रकाशाचे काही गुण आपोआप जन्माला येतात. झोत जिथे क्षणभर अधिक रेंगाळतो तिथे फॉस्फर, म्हणजे पडद्यावरचा चमकणारा लेप, अधिक उजळतो, म्हणून दोन रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर बारीक तेजस्वी ठिपके दिसतात. अटारीच्या १९७९ सालच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये यानातून सुटणारी गोळी म्हणजे एकाच जागी थांबलेला झोत होता. अंधाऱ्या दालनात ती गोळी इतकी प्रखर दिसते की तिच्याभोवती मंद प्रभा पसरते आणि ती पुढे सरकल्यावरही मागे क्षणभर तिची विरत जाणारी खूण राहते. आजूबाजूचे दगड त्या मानाने फिके असतात. रेघांचे असे लहानमोठे तेज हा सजावटीचा भाग नव्हता. काय धोकादायक आहे आणि कशाकडे आधी पाहायचे, हे खेळाडूचा डोळा त्या तेजावरून ठरवत असे. शिवाय ज्या भागात झोत गेलाच नाही तो भाग खरोखर काळा असे. रंगीत व्हेक्टर पडद्यावर आणखी एक गंमत होती: रेघ अतिशय बारीक असल्याने ती शॅडो मास्क या बारीक छिद्रांच्या पत्र्यामागच्या लाल, हिरव्या आणि निळ्या कणांवरून जाताना जवळून पाहिले तर मण्यांच्या सरीसारखी दिसे, आणि एक पाऊल मागे सरकले की पुन्हा अखंड होई.

इम्युलेटर यातले काय करतो, हे न्याय्यपणे सांगितले पाहिजे. पहिली आवृत्ती १९९७ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ‘मेम’ या प्रकल्पाचे उपकार मी मनापासून मानतो. त्याचा घोषित हेतू लोकांना फुकट खेळायला देणे हा नसून जुन्या यंत्रांचे हार्डवेअर कसे चालत होते याची चालती नोंद ठेवणे हा आहे, आणि २०१६ पासून त्याचा सगळा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. ॲझ्टरॅकचेच पाहा. मूळ यंत्रात मोटोरोलाचा ६८००० हा मुख्य प्रोसेसर, आवाजासाठी वेगळा झेड८० आणि त्याच्या जोडीला एवाय-३-८९१० या ध्वनीचिपा आहेत. हे सगळे भाग डिजिटल आहेत, त्यांचे वर्तन नेमके ठाऊक आहे, आणि मेम ते चोख पुन्हा उभे करतो. प्रोग्रॅम ज्या ईप्रॉम या स्मृती-चिपांमध्ये होता त्या वाचून घेतलेल्या आहेत आणि त्यातील प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, मेममध्ये नोंदलेली आहे, त्यामुळे एक बिट जरी बदलला तरी तो पकडला जातो. हे काम वेळेत झाले हे फार मोठे भाग्य आहे. ईप्रॉममधली माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार असतो आणि तो दशकांनंतर झिरपू लागतो. चिपेवरच्या काचेच्या खिडकीला लावलेले लेबल सुकून गळून पडले तर प्रकाशाने तो आणखी लवकर जातो. ज्या यंत्राच्या मोजक्याच प्रती आहेत त्याच्या बाबतीत थोडा उशीरही खेळ कायमचा घालवू शकला असता.

पण प्रोसेसरने तयार केलेली रेघांची यादी हाती आली की इम्युलेटरपुढे अडचण उभी राहते. त्या रेघा त्याला चित्रबिंदूंच्या जाळीवर काढाव्या लागतात. मग तिरक्या रेघेच्या पायऱ्या लपवण्यासाठी कडा पुसट कराव्या लागतात, झोताची जाडी आणि तीव्रता अंदाजाने ठरवावी लागते, प्रभा आणि विरत जाणारी खूण शेडरने, म्हणजे चित्रावर प्रकाशाचे परिणाम चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, रंगवावी लागते. मेममध्ये झोताची किमान व कमाल जाडी, तीव्रता आणि लुकलुक यांसाठी सेटिंग आहेत. ती आहेत हे चांगलेच आहे, पण त्यांची बरोबर किंमत कोणती हे सांगणारा आधार मात्र बहुतेक वेळा कोणाची तरी आठवण किंवा आवड एवढाच असतो. गतीचाही प्रश्न आहे. मेम ॲझ्टरॅकचे चित्र सेकंदाला ४० वेळा नव्याने काढतो, तर आजचा सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. ४० चा ६० शी सरळ मेळ बसत नाही, म्हणून काही चित्रे दोनदा आणि काही एकदाच दिसतात, आणि मूळ यंत्रावर सलग वळणारी तोफ इथे बारीक हिसके देत वळते. गोळीचे तेज तर साध्या पडद्यावर आणताच येत नाही, कारण पांढऱ्याहून पांढरे दाखवायला तिथे जागाच नसते. अलीकडचे ओलेड आणि एचडीआर पडदे या बाबतीत बरेच पुढे गेले आहेत. त्यांच्यावर काळा खरोखर काळा दिसतो. परंतु पडदा चांगला झाला तरी त्यावर किती तेज दाखवायचे हे मूळ चित्रनळीवर मोजल्याशिवाय कळणार कसे?

चित्राच्या पलीकडेही गोष्टी आहेत. ॲझ्टरॅकच्या पडद्यापुढे सपाट काच नव्हती. बाहेर फुगलेले गोल पारदर्शक आवरण होते, आणि त्यामागे चमकणाऱ्या रेघा अंधारात तरंगत असल्याचा भास होई. यान जॉयस्टिकने हलवायचे आणि तोफ दुसऱ्या हाताने नॉब फिरवून वळवायची, अशी नियंत्रणाची विभागणी होती. एका दिशेला पळत असताना भलत्याच दिशेला तोफ नेऊन मारा करणे हे या खेळाचे मुख्य कौशल्य आहे. तो खेळ कीबोर्डच्या चार बाणांवर खेळून कंटाळवाणा आहे असा शेरा मारणाऱ्याने खरे तर ॲझ्टरॅक खेळलेलाच नसतो. निदान फिरणारे नियंत्रक जोडून तरी तो खेळून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कॅलिफोर्नियातील सिनेमॅट्रॉनिक्स कंपनीच्या खेळांत ही उणीव आणखी ठसठशीत दिसते. १९७७ सालच्या ‘स्पेस वॉर्स’पासून या कंपनीने एकरंगी व्हेक्टर यंत्रे काढली आणि त्यांत तयार मायक्रोप्रोसेसर नव्हताच, साध्या लॉजिक चिपा जोडून बनवलेला स्वतःचा प्रोसेसर होता. तो समजून घेऊन इम्युलेटरमध्ये उतरवणे हीच मोठी कामगिरी म्हणावी लागेल. त्या कंपनीच्या १९८० सालच्या ‘आर्मर अटॅक’मध्ये शहरातील रस्ते आणि इमारती पडद्यावर काढलेल्याच नव्हत्या, त्या पडद्यावर बसवलेल्या रंगीत पारदर्शक पत्र्यावर छापलेल्या होत्या. प्रोग्रॅमला भिंती कुठे आहेत हे ठाऊक असते, पण तो त्या काढत नाही. केवळ प्रोग्रॅम वाचवला असता तर पुढच्या पिढीला काळ्या पोकळीत फिरणाऱ्या आणि कशाला तरी अडणाऱ्या जीप आणि रणगाडे तेवढे दिसले असते. कोणीतरी तो पत्रा नीट पाहून त्याची प्रतिमा इम्युलेटरसाठी तयार केली म्हणून आज खेळाला अर्थ आहे. त्याच वर्षीच्या ‘स्टार कॅसल’मधील किल्ल्याभोवतीच्या वलयांचे रंगही अशाच पत्र्याचे. या यंत्रांचा आवाज प्रोग्रॅममध्ये नव्हता, तो सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या सर्किटमधून निघे, म्हणून बरीच वर्षे मेममध्ये खऱ्या यंत्रावरून ध्वनिमुद्रित केलेले नमुने वाजवले जात. पुढे सर्किटचे आराखडे हाताशी घेऊन एकेका रेझिस्टर-कपॅसिटरचे गणित मांडणारी पद्धत आली आणि यातील अनेक खेळांचे आवाज त्या पद्धतीने नव्याने उभे राहिले. आराखडे जपलेले होते म्हणूनच हे जमले, आणि हाच धागा मला पुढे न्यायचा आहे. जे आवाजाच्या बाबतीत घडले ते प्रकाशाच्या बाबतीतही घडायला हवे.

त्यासाठी चालू स्थितीतली यंत्रे लागतात, आणि ती संपत चालली आहेत. व्हेक्टर मॉनिटरमध्ये झोत क्षणात पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावा लागतो, त्यामुळे दोन्ही अक्षांच्या ॲम्प्लिफायरवर मोठा ताण येतो, ट्रान्झिस्टर तापतात आणि निकामी होतात. वेल्स-गार्डनरच्या ६१०० या रंगीत मॉनिटरमध्ये ‘स्पॉट किलर’ नावाचे एक सर्किट असते. झोत हलवणारा संकेत थांबला तर तो एकाच जागी पडून फॉस्फर जाळून टाकेल, म्हणून हे सर्किट झोतच बंद करते आणि एक लहान लाल दिवा लावते. यंत्र उघडल्यावर तो लाल दिवा दिसला की दुरुस्त करणारा समजतो की आज चित्र दिसणार नाही, दोष आधी शोधावा लागणार. नळी गेली तर एखाद्या जुन्या दूरचित्रवाणी संचातली जुळणारी नळी बसवता येते, परंतु नळीच्या मानेवर बसणारे योक, म्हणजे झोत वळवणारी तारेची वेटोळी, व्हेक्टर मॉनिटरसाठी वेगळ्या धाटणीचे असते. ते मात्र जपूनच काढावे लागते, कारण दूरचित्रवाणीचे योक तिथे चालत नाही. चित्रनळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे, आणि ही दुरुस्ती जाणणारे हातही कमी होत आहेत.

त्यातच त्या काळी धंद्याची गरज म्हणून एका खेळाचे यंत्र दुसऱ्या खेळात बदलून टाकण्याची प्रथा होती. अटारीच्या ‘ग्रॅव्हिटार’ची अनेक यंत्रे ‘ब्लॅक विडो’मध्ये रूपांतरित झाली. ज्या खेळाच्या हजारो प्रती निघाल्या त्याला अशी गळती परवडते. ज्याच्या मुळातच थोड्या प्रती होत्या, त्याचे एक यंत्र मोडीत निघणे म्हणजे पुरावा कमी होणे आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. अमेरिकेत कंपनीच्या नावाने १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृतीचे हक्क ९५ वर्षे, म्हणजे २०७८ च्या अखेरपर्यंत टिकतात. ग्रंथालये आणि संग्रहालये यांना जतनासाठी काही सवलती आहेत, पण त्या त्यांच्या आवारापुरत्या. संशोधकांना दुरून असे खेळ पाहता यावेत ही मागणी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने अमान्य केली. हक्कधारकांचे हक्क मी नाकारत नाही. परंतु ज्या खेळातून कोणालाही उत्पन्न मिळत नाही, ज्याची कंपनी तो व्यवसाय केव्हाच सोडून गेली, त्याच्या बाबतीत २०७८ ची वाट पाहणे म्हणजे मूळ पडद्यांपैकी एकही चालू नसेल अशा दिवसाची वाट पाहणे आहे. दर तीन वर्षांनी या सवलतींचा फेरविचार होतो, तेव्हा दुर्मीळ आर्केड यंत्रांची बाजू आग्रहाने मांडली जावी.

काय करता येईल, याविषयी माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या संग्राहकांकडे चालू व्हेक्टर यंत्र आहे त्यांनी त्याच्या पडद्यावरील रेघांची जाडी, बिंदूंचे तेज आणि फॉस्फर विझण्याचा वेग मोजू द्यावा आणि ती मोजमापे आराखड्यांसह सर्वांसाठी खुली करावीत. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ यासाठी पुरत नाही. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग आणि झोताचा वेग जुळत नसल्याने त्यात निम्म्या रेघा गायब दिसतात. ठरलेले एक्स्पोजर, अंधारी खोली आणि तेज मोजण्याचे उपकरण एवढे असले की एका दिवसात खूप काही साध्य होते. दुसरे म्हणजे, इम्युलेटरमधील रेघांची यादी चित्रबिंदूंत न बदलता थेट खऱ्या व्हेक्टर मॉनिटरला देणारी जोडणी काही हौशी अभियंत्यांनी तयार केली आहे. माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत मोलाचा प्रयत्न आहे. त्यात प्रोग्रॅम इम्युलेटरचा आणि प्रकाश नळीचा, असा मेळ बसतो. मूळ यंत्राच्या दुर्मीळ बोर्डांवर ताण न देता खेळ खऱ्या पडद्यावर दिसतो, आणि तीच यादी शेजारच्या आधुनिक पडद्यावर लावून दोन्ही चित्रे एकमेकांशी ताडून पाहता येतात. शेडर लिहिणाऱ्यांना याहून चांगला आधार मिळणार नाही.

संग्रहालयांनीही आपला दृष्टिकोन बदलायला हवा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१३ मध्ये ‘ॲस्टेरॉइड्स’ आणि ‘टेम्पेस्ट’ हे दोन व्हेक्टर खेळ आपल्या संग्रहात घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयही या क्षेत्रात मोठे काम करते. पण प्रसिद्ध खेळांना असे घर मिळते आणि ॲझ्टरॅकसारखे खेळ खासगी तळघरांत राहतात, हे चित्र बदलले पाहिजे. दुर्मीळ यंत्र विकत घेणे प्रत्येक संस्थेला शक्य नसेल, परंतु मालकाशी करार करून त्याची मोजमापे, छायाचित्रे, आराखडे आणि दुरुस्तीच्या नोंदी जमा करणे नक्कीच शक्य आहे. आणि जिथे असा खेळ इम्युलेशनच्या साहाय्याने सपाट पडद्यावर मांडला जातो, तिथे शेजारच्या फलकावर मूळ पडदा व्हेक्टर होता आणि समोर दिसते ते त्याचे रूपांतर आहे, एवढे तरी छापावे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. यापुढे जुन्या खेळांवर लेख प्रसिद्ध करताना इम्युलेटरवरील चित्राला ‘मूळ खेळाचे दृश्य’ अशी ओळ देऊ नये. ते चित्र इम्युलेटरवरचे असल्याचे लिहावे, आणि शक्य असेल तेव्हा खऱ्या व्हेक्टर पडद्याचे, पुरेसा वेळ एक्स्पोजर देऊन काढलेले छायाचित्र मिळवून त्यासोबत छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक